घाट तिसऱ्यावर चढते

सातव्या वळणावर मिस्त्री थांबला. खांद्यावरची पिशवी उतरवून त्याने कठड्यावर ठेवली, तेव्हा आतलं लोखंड दगडावर ठणकन आपटलं. त्याची धाकटी बहीण दचकली. मिस्त्रीला तो आवाज आलाच नव्हता.

"म्हातारा झालो बघ," गुडघे चोळत तो म्हणाला. "इंजिन ठीक आहे, चाकं गेली."

हे त्याने एवढ्या मोठ्याने म्हटलं की दरीपलीकडे चरणाऱ्या दोन शेळ्यांनी माना वर केल्या. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही. गल्लीत सगळे म्हणायचे, मिस्त्रीला खुशाल गुपित सांगा, त्याला ते ऐकूच जात नाही. मात्र त्याचं गुपित कुणाला सांगावं लागत नाही, ते बाजारापर्यंत आपलं आपण पोचतं.

धाकटीने गळ्यात दोरीने अडकवलेली छोटी वही पुढे घेतली आणि पेन्सिलीने लिहिलं, 'पिशवी थोडा वेळ मी घेते.'

खिशातून चष्मा काढून त्याने वाचलं. "नको. माझं मला नेऊ दे."

सकाळी उजाडताच भाऊ-बहीण घरून निघाले होते. नऊ किलोमीटरची चढण होती, त्यातली पाच झाली होती. घाट संपतो तिथे पोस्टमास्तरांचं घर. मास्तरांना जाऊन महिना झाला होता आणि आता त्या घरात त्यांची बायको एकटी होती. पोस्टमास्तरांची म्हणून तिला सगळे मास्तरीणबाई म्हणायचे. चौथीनंतर तिने शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, तरी. घाटातून दिवसाला दोन बस जातात. पण मिस्त्रीने आदल्या दिवशीच सांगून टाकलं होतं, "त्या रस्त्यावर मी इंजिनाच्या जिवावर जाणार नाही. पायी येत असशील तर ये." धाकटीला जाणं भाग होतं. वही घेऊन ती शेजारी उभी नसली तर भावाला जगातलं काहीच कळत नव्हतं.

दोघं परत चालू लागले. आठव्या वळणाच्या अलीकडे, रस्त्याच्या डाव्या अंगाला, एका मोठ्या झाडाचा बुंधा होता. करवतीने कापलेला, आतून अजून पिवळा. मिस्त्री तिथे पुन्हा थांबला. ही जागा त्याला कुणी दाखवलेली नव्हती, पण त्याने ओळखली. धाकटीने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

बुंध्याकडे बघत तो म्हणाला, "छोटे, मी एक विचारू?" एकसष्ट वर्षांच्या बहिणीला तो अजून छोटेच म्हणायचा. "समाचाराला गेलो तेव्हा बाई म्हणाल्या होत्या ना, देवाची इच्छा होती म्हणून. तू लिहून दाखवलं होतंस. मग त्यांनी जर देवावर सोडलंय, तर मी हे आता त्यांच्या पुढ्यात नेऊन का टाकायचं? माझ्या छातीवरचा दगड उतरेल. पण तो त्यांच्या छातीवर जाऊन बसेल. बरोबर की नाही?"

धाकटीने पेन्सिल हातात घेतली आणि तिचं टोक नखाने साफ केलं.

"बोल की. तू म्हणालीस तर इथूनच मागे फिरू."

तिने नुसती मान डोलावली असती तरी पुरलं असतं. सगळं झाकलं गेलं असतं, त्याचं आणि तिचंही. तिचं काय झाकायचं होतं ते मिस्त्रीला माहीत नव्हतं.

*

मिस्त्रीचे कान म्हणजे एके काळी पंचक्रोशीतला दवाखाना होता. चौदाव्या वर्षी तो गॅरेजात कामाला लागला आणि विसाव्या वर्षी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून सांगायला लागला की कुठल्या व्हॉल्व्हची फट वाढली आहे. लोक हसायचे, मग झाकण उघडून बघायचे आणि गप्प व्हायचे. त्यातही जुनी, पाण्याशिवाय नुसत्या वाऱ्यावर थंड होणारी इंजिनं त्याची फार आवडती. "पाण्याचं इंजिन लबाड असतं," तो म्हणायचा. "पाण्याखाली सगळं दडपतं. हे बिचारं जे असेल ते तोंडावर सांगतं."

चाळीस वर्षं त्याच तोंडाला कान लावल्यावर व्हायचं तेच झालं. आधी बारीक आवाज गेले, पक्ष्यांचे, कुकरच्या शिटीचे. मग माणसांचे. दोन वर्षांपूर्वी उरलंसुरलंही गेलं. यंत्र लावून बघितलं, तर त्यात त्याला नुसती खरखर यायची. ते त्याने खिळ्यांच्या डब्यात टाकून दिलं.

त्याची बायको केव्हाच गेली होती, मूलबाळ नव्हतं. धाकटी विधवा, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली, गॅरेजच्या वरच्या दोन खोल्यांत त्याच्याबरोबर राहायला आली होती. तिचं अक्षर मोत्यासारखं. गिऱ्हाईक बोलायचं, ती लिहायची, तो वाचून उत्तर द्यायचा. हे हळूहळू सगळ्यांच्या अंगवळणी पडलं.

पण लोक उचलली जीभ लावली टाळ्याला असं बोलतात. एक टेम्पोवाला होता, त्याची गाडी दोन महिने पडून राहिली. तो येऊन ओरडला, "हा म्हातारा मेला तरी माझा टेम्पो मिळायचा नाही!" धाकटीने क्षणभर विचार केला आणि लिहिलं, 'प्रकृती कशी आहे विचारतात. टेम्पो कधी मिळेल?'

मिस्त्री खूष. "प्रकृती उत्तम आहे! सोमवारी या!"

टेम्पोवाला बघतच राहिला. धाकटीला त्या रात्री देवापुढे बसल्यावर हसू आलं होतं. आपण काही पाप केलं असं तिला वाटलं नाही. कडू औषध आपण लहान मुलाला मधातून देतो, तसंच हे. मग ते रोजचंच झालं. शिव्या ती गाळायची, टोमणे गाळायची. कुणी 'याला आता जमत नाही' म्हटलं, तर ती लिहायची, 'घाई नाही, सावकाश करा.'

पावसाळा सरता सरता पोस्टमास्तर त्यांची गाडी घेऊन आले. त्यांच्या वडिलांची गाडी, पन्नाशी उलटलेली. इंजिन मागच्या बाजूला, वाऱ्यावर थंड होणारं.

"मिस्त्री, चढणीला हिला दम लागतो हो," मास्तर म्हणाले. धाकटीने जसंच्या तसं लिहिलं.

मिस्त्रीने वाचून गाडीकडे बघितलं, मग आत बसलेल्या मास्तरीणबाईंकडे. "कुणाला? बाईंना की गाडीला?"

"दोघींनाही," मास्तर म्हणाले. "एकीला डॉक्टर बघतोय. दुसरी तुमच्या हवाली."

"तिचं नशीब थोर," मास्तरीणबाई काचेतून म्हणाल्या. "तिला सुटे भाग तरी मिळतात."

बाईंची मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यातून दोनदा खालच्या हॉस्पिटलात त्यांना मशीनवर ठेवून रक्त शुद्ध करायचे. मशीनवरून उतरल्या की बाई थंडीने कुडकुडायच्या, आणि त्यानंतर नऊ किलोमीटर पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रखडत वर जायचं. म्हणून मास्तरांना दोनच गोष्टी हव्या होत्या. गाडीने घाट दमदार चढावा, आणि आत ऊब असावी.

मिस्त्रीने इंजिन पूर्ण उतरवलं. दीड महिना तो त्यातच होता. असं काम त्याला वर्षानुवर्षं मिळालं नव्हतं. ज्यांत पिस्टन धावतात ते चारही बॅरल त्याने मोठ्या मापाचे मागवले. नव्या बॅरलभोवतीच्या पातळ पंखांमध्ये ओतकामाची कुसळं राहिलेली असतात, ती बारीक कानशीने एकेक करून काढली, कारण तिथूनच वारा जायचा असतो. चार पिस्टन सोनाराच्या काट्यावर तोलले आणि जड होते त्यांना आतून घासून हलक्याच्या बरोबरीला आणलं. हेडमधल्या हवेच्या वाटा काठीला पॉलिश पेपर गुंडाळून अशा गुळगुळीत केल्या की बोट फिरवलं तर घसरावं. दाब थोडाच वाढवला. "हाव केली की हे इंजिन जळतं," तो कामाच्या बाकावर पेन्सिलीच्या टोकाने आकडे काढत धाकटीला सांगायचा. "आणि सगळ्यात आधी तीन नंबरचा सिलिंडर. तेलाचा कूलर त्याच्या वाऱ्याच्या वाटेत उभा आहे. बिचाऱ्याला सगळ्यांचं उष्टं मिळतं." हल्लीची पोरं दिखाव्यासाठी इंजिनाभोवतालचे पत्रे काढून टाकतात, त्यांना त्याने मनसोक्त शिव्या घातल्या. वारा मोकळा सोडला तर फिरतो, पत्र्याने कोंडला तर काम करतो. त्याने प्रत्येक पत्रा सरळ करून, रंगवून परत बसवला. शेवटी कार्बोरेटर एक माप मोठा घातला आणि मोकळा श्वास सोडणारा नवा सायलेन्सर लावला.

राहिल्या दोन हीटरच्या पेट्या. अशा इंजिनात गरम पाणी नसतं, म्हणून गाडीत ऊब आणायची तर ती धुराच्या नळीकडून उसनी घ्यावी लागते. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना धूर नेणारी नळी असते आणि तिच्याभोवती पत्र्याची बंद पेटी. पंख्याची हवा पेटीत शिरते, नळीवर तापते आणि गाडीत पायांशी येते. धूर नळीत, हवा पेटीत. दोघांची गाठ पडता कामा नये.

त्या पेट्या कुठेच मिळेनात. मिस्त्रीने जुन्याच तारेच्या ब्रशने घासल्या, बाहेरून एक ठिगळ मारलं, काळा रंग दिला. आतली नळी डोळ्यांना दिसत नाही. ती तपासायची एकच रीत त्याला माहीत होती, आणि ती त्यानेच सगळ्या गल्लीला शिकवली होती. इंजिन चालू करायचं, सायलेन्सरच्या तोंडावर ओला बोळा दाबून धरायचा आणि पेटीला कान लावायचा. नळीला चीर असेल तर आत सापासारखी फुसफुस ऐकू येते.

कान गेल्यापासून मिस्त्री स्क्रूड्रायव्हरची मूठ दातांत धरायचा. इंजिनातला ठोका जबड्याच्या हाडातून चढायचा, व्हॉल्व्हची फट त्याला तेवढ्यावरून कळायची. त्या दिवशीही त्याने बोळा दाबला आणि मूठ दातांत धरून टोक पेटीला लावलं. ठोका दातांना कळतो. फुसफुस कळत नाही. धाकटी चार हातांवर बाकावर बसून वर्तमानपत्र वाचत होती. त्याने तिच्याकडे एकदा बघितलं. मग पेटीवर थाप मारून म्हणाला, "उत्तम."

*

थंडी पडायच्या सुमारास गाडी गेली. दहा दिवसांनी मास्तर आणि बाई व्हॉल्व्ह बघून घ्यायला परत आले, तेव्हा मास्तर गाडीतून उतरायच्या आधीच बोलत होते. "मिस्त्री! घाट तिसऱ्यावर चढते! मागची बस मागेच राहते, शप्पथ!"

त्याच सकाळी मिस्त्री शहरातल्या मोठ्या कानाच्या डॉक्टरकडून आला होता. डॉक्टरने धाकटीच्या वहीत स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'आता काही करता येणार नाही.' मिस्त्री तेव्हापासून तोंडातून अक्षर काढत नव्हता. आणि धाकटी लिहायला बसली होती तेवढ्यात मास्तरीणबाई म्हणाल्या, "बाकी छान आहे हो. पण हीटर लावला की माझं डोकं धरतं. मळमळतं. जळका वासही येतो."

"ते मशीनचं दुखणं गं," मास्तर म्हणाले. "मशीनवरून आलीस की कुठल्या दिवशी डोकं दुखत नाही?"

"असेल बाई," त्या म्हणाल्या. "पण सांगा त्यांना."

नवा रंग चार दिवस जळतो, वास येईल, असं मिस्त्रीनेच गाडी देताना सांगितलं होतं. धाकटीला ते आठवलं. भावाचा चेहरा समोर होता. सगळं तिच्या मनात एका ओळीत जमून आलं, आणि तिने लिहिलं, 'घाट तिसऱ्यावर चढते म्हणतात. फार खूष आहेत.'

मिस्त्रीने वाचलं. कितीतरी दिवसांनी तो हसला. वहीतला तो कागद त्याने फाडून घेतला, घडी घातली आणि चष्म्याच्या डबीत ठेवून दिला.

तीन आठवड्यांनी, कडाक्याच्या थंडीत, मास्तर बाईंना आणायला खाली निघाले. आठवं वळण उतरल्यावर रस्त्यावर झाड पडलं होतं. लाकूडतोडे काम करत होते, तास-दीड तास लागणार होता. मास्तरांनी गाडी कडेला घेतली, काचा वर केल्या, इंजिन आणि हीटर चालू ठेवला आणि टोपी डोळ्यांवर ओढली. रस्ता मोकळा झाल्यावर लाकूडतोड्यांनी काचेवर टकटक केलं.

डॉक्टरने हृदय म्हटलं. लोक म्हणाले, पुण्यवान माणूस, झोपेत गेला, कुणाला त्रास दिला नाही.

समाचाराला भाऊ-बहीण गेले होते. बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या मिस्त्रीकडे बघून म्हणाल्या, "मीच मारलं हो त्यांना. मी फोन केला, लवकर या, मला थंडी वाजतेय म्हणून. असल्या थंडीत, त्या वयात, मी घाई केली. अर्धा तास कळ काढली असती तर काय मरणार होते मी?" मिस्त्रीने बहिणीकडे बघितलं. माणसांनी भरलेल्या खोलीत धाकटीने वही पुढे घेतली. तिने लिहिलं, 'देवाची इच्छा म्हणतात.'

पंधरा दिवसांनी मास्तरांच्या पुतण्याने गाडी गॅरेजात आणून लावली. विकायची होती, जरा पुसून द्या म्हणाला. मिस्त्री आतून पुसत होता. पायांशी ऊब येते त्या जाळीवरून फडकं फिरवलं आणि ते काळं झालं. त्याने जाळीत बोट घातलं, बोटाला काजळी. तो तसाच गाडीखाली शिरला, डावी पेटी खोलली आणि बाकावर धरून छिन्नीने तिचा पत्रा फाडला. आतल्या नळीला जोडावर बोटभर चीर होती. इंजिनाचा जोर वाढला तसा धुराचाही वाढला होता, आणि जुन्या गंजक्या नळीला तो सोसला नव्हता. त्या धुरात एक वायू असतो, त्याला वास नसतो, रंग नसतो; माणसाला नुसती झोप येते.

धाकटी चहा घेऊन खाली आली तेव्हा तो पेटी मांडीवर घेऊन बसला होता. "मी केलं हे," तो म्हणाला. "मला ऐकू आलं नाही, आणि ते मला कबूल करायचं नव्हतं. तू समोर बसली होतीस. 'छोटे, जरा कान लाव गं' एवढं म्हणायचं होतं. लाज वाटली."

धाकटीने चहा बाकावर ठेवला. तिला जळका वास आठवला. त्या दिवसापासून देवापुढे हात जोडले की डोळे मिटवत नव्हते. तिला वाटायचं, डोकेदुखीची ओळ आपण गाळली तो गुन्हा आहेच. पण दुसऱ्या वेळी आपण देवाचं नाव घेऊन खोटं लिहिलं. बाईंच्या तोंडी देव घातला, आणि बाई तिकडे स्वतःला खुनी समजून भिंतीला टेकून बसल्या आहेत.

*

"बोल की," बुंध्याजवळ उभा राहून मिस्त्री पुन्हा म्हणाला. "फिरू मागे?"

धाकटी बुंध्यावर बसली. वही मांडीवर घेतली. तिने पुष्कळ लिहिलं. आयुष्यभर फळ्यावर सुंदर अक्षर काढलेल्या बाईचं अक्षर वाकडंतिकडं आलं, एका जागी पेन्सिल कागदातून आरपार गेली. बाईंची डोकेदुखी, मळमळ, जळका वास. 'पण सांगा त्यांना.' मग समाचाराच्या दिवसाचं, शब्दन् शब्द: 'मीच मारलं हो त्यांना.' आणि शेवटी, 'देवाची इच्छा असं त्या म्हणाल्याच नव्हत्या. ते मी लिहिलं.'

तिने कागद फाडून त्याच्या हातात दिला आणि खाली बघत बसली.

त्याने वाचलं. एकदा, मग परत पहिल्यापासून. घाटात एक बस वर गेली, तिचा धूर दोघांच्या अंगावरून गेला. मिस्त्रीने चष्मा काढला, डबी उघडली, तिथली जुनी घडी काढून उलगडली आणि दोन्ही कागद दोन हातांत धरून उभा राहिला.

तो ओरडेल असं तिला वाटलं होतं. त्याने ओरडावं असंही वाटलं होतं.

"तो टेम्पोवाला," तो म्हणाला. "दर वेळी माझी प्रकृती विचारायचा. त्याच्या मुलीच्या लग्नाला मी नवा सदरा घालून गेलो होतो. तो खरं काय म्हणायचा?"

धाकटीने लिहिलं, 'हा म्हातारा मेला तरी माझा टेम्पो मिळायचा नाही.'

त्याने वाचलं. "बरोबर आहे," तो म्हणाला. "दोन महिने ठेवला होता मी." मग म्हणाला, "आणि ते सगळे सावकाश करा म्हणणारे?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"म्हणजे दोन वर्षं मी गल्लीचं ऐकतोय समजत होतो, आणि ऐकत होतो तुझं."

'दादा, चुकले,' तिने लिहिलं. ते त्याने वाचलंच नाही. दोन्ही कागद डबीत ठेवले, पिशवी खांद्यावर घेतली आणि चालू लागला. वरच्या दिशेने.

उरलेले चार किलोमीटर तो पुढे आणि ती मागे. एरवी चढणीवर तो वळून बघायचा, बहीण दमली का. आज एकदाही वळला नाही. पिशवीतली पेटी प्रत्येक पावलाला त्याच्या बरगडीवर आपटत होती, तो आवाज फक्त धाकटीला येत होता. ती आधी नाम घेत चालली. मग तिच्या लक्षात आलं की आपण नाम घेतोय ते हा आवाज ऐकू येऊ नये म्हणून. तिने नाम थांबवलं आणि आवाज ऐकत चालली.

घाट संपला. वरचं वारं अंगाला झोंबत होतं. मास्तरांच्या घराच्या फाटकाला एक तार गुंडाळून ठेवली होती, बिजागरी तुटली होती. अंगणात गाडीची जागा तेलाच्या डागावरून कळत होती. मास्तरीणबाई दाराशी खुर्ची टाकून उन्हात बसल्या होत्या. अंगावर मास्तरांचा कोट, पाय सुजलेले. कोण आलं म्हणून त्यांनी डोळ्यांवर हात धरला, ओळखलं आणि काठी घेऊन उठायला लागल्या.

"अहो, चालत आलात? एवढ्या चढणीचे?" त्यांनी तिथूनच विचारलं. "या, या. पाणी देते."

धाकटीने सवयीने वही पुढे घेतली. मिस्त्रीने तिच्या मनगटावर हात ठेवला. अडीच तासांत पहिल्यांदाच त्याने तिच्याकडे बघितलं. खांद्यावरची पिशवी काढून त्याने छातीशी धरली होती, लहान मूल धरावं तशी.

"छोटे," तो म्हणाला. त्याला वाटत होतं आपण हळू बोलतोय, पण अंगणातल्या बाईही ते ऐकून जागच्या जागी थांबल्या. "आता मी त्यांना ही पेटी दाखवणार. तुझं तू सांग, ते मी सांगणार नाही. मग त्या बोलतील. रडतील, शिव्या देतील, काय वाटेल ते म्हणतील. ते तू लिही. जसंच्या तसं लिही. माझ्याकडे बघून लिहू नकोस, वहीकडे बघून लिही. एक शब्द गाळू नकोस."